लेकीला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात पाठवताना

या जूनमध्ये माझी भाची पाचवीला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात चालली आहे. वहिनीने परवा फोन करून विचारलं, पेटीत काय काय भरू? मी स्वतः पाचवी ते दहावी अशाच एका शाळेच्या बोर्डिंगात राहिले. सामानाची यादी शाळा देतेच. त्या यादीत जे लिहिलेलं नसतं ते इथे मांडते, म्हणजे वहिनीसारख्या इतरांनाही कामाला येईल.

हॉस्टेल बघायला जाल तेव्हा इमारतीवर आणि बागेवर जाऊ नका. रात्री मुलींच्या हॉलमध्ये कोण झोपतं, हे आधी विचारा. आम्ही अमळनेरकडचे. साने गुरुजी १९२४ पासून सहा वर्षं प्रताप हायस्कूलला शिकवत होते आणि छात्रालयही सांभाळत होते. मुलांच्या खोल्या ते झाडायचे, अंथरुणं आवरून ठेवायचे, हे माझ्या वडिलांनी, आबांनी, त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं. म्हणून मला घालायला आले तेव्हा आबांनी एकच प्रश्न विचारला, "रातले पोर रडनी तं कोन उठी?" सिस्टर वसईकडच्या, त्यांना अहिराणी कळेना. मी लाजत लाजत मराठीत सांगितलं. त्यांनी हॉलच्या टोकाची पडद्यामागची आपली खाट दाखवली. आबांनी तिथेच फी भरली.

जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधार, फोटो या सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स करून ठेवा. ते काम अर्ध्या दिवसाचं आहे.

खरी तयारी एप्रिलपासून करावी लागते, ती मुलीच्या हातांची. दोन वेण्या स्वतः घालता आल्या पाहिजेत, रिबिनीसकट. आमच्याकडे साडेपाचला घंटा व्हायची आणि चाळीस मुलींत दोन आरसे. दहा वर्षं माझ्या वेण्या मायने घातलेल्या, त्यामुळे पहिले पंधरा दिवस माझा भांग वाकडाच. प्रार्थनेच्या रांगेआधी माझ्या वर्गातली एक डे-स्कॉलर मुलगी जिन्याखाली उभी राहून माझ्या वेण्या पुन्हा घालून द्यायची. घरून येणाऱ्या मुलींशी मैत्री करायला लेकीला जरूर सांगा. डे-स्कॉलर आणि बोर्डर असे दोन गट पडतात आणि मोठ्या मुली ते वाढवतात. पण बोर्डिंगातल्या मुलीला घरच्या डब्याचा वास आणि बाहेरची खबर याच मैत्रिणींकडून मिळते.

आतले कपडे रोज स्वतः धुणं, गादीची चादर ताणून घालणं, बटण लावणं, डोक्याला फणी फिरवून उवा काढणं, हे सगळं सुट्टीतच शिकवा. पाळीबद्दलही आत्ताच बोला, पाचवीची असली तरी. पॅड कसा लावायचा, कुठे टाकायचा, हे हातात देऊन दाखवा. माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी सहावीत असताना, आपल्याला काहीतरी मोठा आजार झाला असं समजून दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती.

कपड्यांवर नाव पेनाने लिहू नका, चार धुण्यांत पुसतं. आमच्याकडे प्रत्येकीला नंबर होता, माझा ३७. मायने तो लाल दोऱ्याने, साखळी टाक्याने घातला: फ्रॉकच्या कॉलरच्या आतून, परकराच्या नाडीच्या पट्टीवर, मोज्याच्या वरच्या काठाला. बाकीच्यांचे नंबर इंग्रजी आकड्यांत, मायला येत होते ते मराठी. शनिवारी वाळलेल्या कपड्यांचा ढीग हॉलमध्ये पडायचा. पांढऱ्या परकरांच्या त्या ढिगात माझा लाल ३७ लांबूनच दिसायचा. तो हाताला लागला की मी जरा वेळ टाक्यांवरून बोट फिरवत बसायची. दोरा पक्क्या रंगाचा घ्या, नाहीतर सगळे कपडे गुलाबी होतात. ताट आणि पेला मात्र भांडेवाल्याकडून नाव कोरूनच आणा.

आपल्याकडचं हवामान दोन्ही टोकांचं. जूनमध्ये अंगावर सुती कापडसुद्धा नको होतं आणि जानेवारीत धुळ्याकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो. घरची जुन्या लुगड्याची गोधडी द्या, विकतचं ब्लँकेट नको. मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल तर तपासणीचं कार्ड सिस्टरांच्या हातात द्या आणि स्पष्ट सांगा: गार पाण्याने आंघोळ नको, पाणी भरपूर प्यायला हवं, हातपाय दुखतात म्हणाली तर ते ढोंग समजू नका. नंदुरबारकडच्या आदिवासी घरांत हा आजार बराच आहे, तरी पालक लाजून लपवतात. ते लेकराच्या जिवावर येऊ शकतं.

खाऊचं सांगते. बिबडे, पापड देऊ नका, तिथे ते भाजणार कोण? शेंगदाण्याची आणि लसणाची कोरडी चटणी फिरकीच्या झाकणाच्या डब्यात द्या. आमच्याकडे वरण-भात-पोळी असायची, भाकरीची आठवण चटणीवरच भागायची. आणि जे द्याल ते टेबलावरच्या सगळ्यांना पुरेल एवढं द्या. आमच्या टेबलावर सातपुड्यातल्या अक्राणीच्या दोन पावरा आदिवासी मुली होत्या. त्यांचे आईवडील वर्षातून दोनदा येत, पण येताना कैरीच्या वाळवलेल्या फोडी घेऊन येत आणि त्या फोडी आम्ही स्टडीच्या तासाला गालात धरून बसायचो.

नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतील, पोरीला ख्रिश्चन करतील का? मी सहा वर्षं जेवणाआधीची प्रार्थना म्हटली, ऑक्टोबरात रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला बसले, नाताळात गव्हाणीसाठी गवत कापलं. ख्रिस्ती मुली धर्मशिक्षणाला जायच्या तेव्हा आम्हाला नीतिशिक्षणाचा तास असायचा. आजही माझ्या घरी श्रावणात आपल्या खानदेशची देवी कानबाई बसते. राज्यघटनेचं कलम २८(३) सांगतं की सरकारमान्य शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षण किंवा उपासना सक्तीची करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर ती संमती पालकाची लागते. प्रवेशाच्या वेळी हे मोकळेपणाने विचारा, विचारण्यात भांडण नाही. शंका मनात ठेवून लेकीला पाठवलं तर ती बिचारी चॅपलसमोरून जातानाही घाबरते.

दोन नंबर पाठ करून घ्या: तुमचा, आणि १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. अंगाला नको तसा हात लावला, मारलं, कुणी धमकावलं, तर कुणाला सांगायचं हे तिला घरातूनच माहीत हवं.

राहिला भेटीचा रविवार. पहिले दोन महिने प्रत्येक भेटीत ती म्हणेल, "माले घर जानं शे." "बरं, पुढच्या वेळी नेतो" असं खोटं बोलू नका. पुढच्या भेटीची तारीख सांगा आणि पाळा. येणं होणार नसेल तर सकाळीच कळवा. सहावीत एका रविवारी आबा आलेच नाहीत. पेरणीचा वाफसा सापडला होता आणि तेव्हा गावात फोन नव्हता. मी सकाळी दहापासून नवा फ्रॉक घालून फाटकाजवळच्या निंबाखाली बसले होते, जेवायलाही गेले नाही. संध्याकाळी सहाच्या आधी वसईच्या सिस्टर आल्या. काही बोलल्या नाहीत, चॅपलमागे नेऊन संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेचा दोर माझ्या हातात दिला. तीन ठोके, थांबायचं, तीन, थांबायचं, तीन, आणि मग नऊ. दोर जाड आणि खरखरीत होता, नवव्या ठोक्यापर्यंत माझे तळहात लाल झाले होते. मग आम्ही दोघी जेवायला गेलो.

आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. हॉस्टेलचा नंबर आई आणि वडील दोघांच्याही फोनमध्ये आजच टाकून ठेवा.