‘सेव्हन सामुराई’ कसा पाहावा

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा १९५४चा ‘सेव्हन सामुराई’ पाहायचा तर आधी एक अख्खी संध्याकाळ मोकळी ठेवा. चित्रपट २०७ मिनिटांचा आहे. परदेशी प्रेक्षकांसाठी कापलेल्या प्रतीही निघाल्या होत्या, म्हणून हाताशी असलेल्या प्रतीची लांबी तपासून घ्या. मध्यंतर चित्रपटातच आहे. तेव्हा उठा, जेवून या. आणि मोबाइलवर पाहू नका. कुरोसावा पुढे, मधे आणि पार मागे अशी तिन्हीकडे माणसं उभी करतात, आणि पुष्कळदा खरी गोष्ट मागच्या चेहऱ्यावर चाललेली असते.

कथा आधी माहीत असली तरी बिघडत नाही. १५८६ साल, जपानमधला यादवीचा काळ. पीक हाती आलं की दरोडेखोर येणार, हे गावाला कळलेलं असतं. मजुरी द्यायला पैसा नाही, म्हणून गावकरी जेवणाच्या बोलीवर मालक नसलेले सामुराई, म्हणजे तलवारबाज योद्धे, शोधायला निघतात. ‘शोले’वर या कथेची सावली आहे, पण जय-वीरू डोक्यातून काढून बसा.

पहिल्या तासात एकच काम करा: भातावर नजर ठेवा. गावकरी सामुराईंना पांढरा भात वाढतात आणि स्वतः भरड धान्यावर दिवस काढतात. धर्मशाळेतला एक मजूर हे बोलून दाखवतो आणि भाताचा वाडगा काम्बेईपुढे, म्हणजे पुढे सातजणांचा म्होरक्या होणाऱ्या सामुराईपुढे, धरतो. हा भात वाया जाऊ देणार नाही, एवढंच म्हणून काम्बेई काम स्वीकारतो. हा प्रसंग निसटला, तर पुढे कोण कशासाठी मरतो ते उमगत नाही.

सातजणांची नावं एकदम लक्षात राहत नाहीत. ती पाठ करण्यापेक्षा प्रत्येकाची खूण धरा. काम्बेई (ताकाशी शिमुरा) विचार करताना मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवतो. ओलीस धरलेल्या पोराला सोडवायला भिक्षूचा वेश हवा, म्हणून त्यानं सामुराईची शेंडी उतरवलेली असते. क्यूझो कमी बोलतो, कात्सुशिरो कोवळा पोरगा. किकुचियो (तोशिरो मिफुने) ओळखायला तर काहीच करावं लागत नाही.

मग नकाशा समजून घ्या. काम्बेई नकाशा घेऊन गावाभोवती फिरतो, तेव्हा चित्रपट थांबवून एका कागदावर चार दिशा काढल्यात तरी चालेल. एकीकडे कुंपण, एकीकडे पाण्यानं भरलेली खाचरं, एकीकडे तोडायचा पूल. उत्तरेची वाट मात्र मुद्दाम उघडी, कारण शत्रूला आत घेऊनच मारायचं आहे. पुलापलीकडची तीन घरं सोडून द्यावी लागतात. त्या घरांचे मालक बंड करून निघतात आणि काम्बेई तलवार उपसून त्यांच्यावर धावतो. तलवार आपल्याच माणसांवर का उगारली, याचा विचार करा. पुढे काम्बेई कागदावर दरोडेखोरांची वर्तुळं काढून एकेक खोडत जातो. नकाशा आणि ही वर्तुळं ध्यानात असली की लढाईच्या गोंधळातही आपण हरवत नाही.

मला विचाराल तर चित्रपटाचं काळीज किकुचियोच्या एका संतापात आहे. गावकऱ्यांनी मेलेल्या सामुराईंची चिलखतं लपवून ठेवल्याचं उघड होतं आणि बाकीचे सामुराई खवळतात. किकुचियो कबूल करतो की शेतकरी कंजूष आहेत, लबाड आहेत, खुनीसुद्धा आहेत. आणि मग विचारतो, त्यांना असं कुणी केलं? तुम्हीच, सामुराईंनी. इथे मिफुनेकडे बघून झालं की काम्बेईचे डोळे बघा. हा प्रसंग दुसऱ्यांदा लावून पाहायला हरकत नाही.

शेवटच्या पावसातल्या लढाईसाठी कुरोसावांनी एकाच वेळी अनेक कॅमेरे आणि लांब पल्ल्याच्या लेन्स वापरल्या. त्यामुळे घोडे आणि चिखल अंगावर आल्यासारखे वाटतात. पण बंदुकीचा आवाज आला की सावध व्हा. सातांतले चार मरतात आणि चौघेही गोळीनंच. क्यूझोसारखा तलवारबहाद्दरही.

नंतर पाऊस थांबतो. गावकरी ढोल-बासरीच्या तालावर गात भात लावतात. टेकडीवर चार कबरींत चार तलवारी रोवलेल्या आहेत. आपण पुन्हा हरलो, असं काम्बेई म्हणतो. तेव्हा त्याच्याकडे लागवडीतलं कुणी वळून बघतं का, ते पाहा.