दोन दिवस आणि एक वाकळ: अंबाजोगाईला निघण्यापूर्वीची तयारी

गेल्या जानेवारीत आपण सहाजणी वाकळ, म्हणजे जुन्या कपड्यांची गोधडी, शिवायला जमलो, तेव्हा शनिवारचा अख्खा दिवस कपडे निवडण्यात आणि न धुतलेले धुण्यात गेला, आणि रविवारी परतीची बस गाठेपर्यंत चार-पाच ओळींपलीकडे काम सरकले नाही. यंदाही माझ्या माहेरच्या वाड्यातच जमायचे असल्यामुळे वाकळीची तयारी घरूनच करून यावी, म्हणजे तिथे पोचल्यावर फक्त सुई धरायची राहील, या हेतूने हे लिहिते आहे.

वाकळ एकच करायची, हे आधी ठरवून टाकू. प्रत्येकीला स्वतःची हवी असते हे मला ठाऊक आहे, पण हिशेब मांडून पाहावा. नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट कापड. त्याची चौपदरी घडी केली की पावणेसात फूट लांबी मिळते आणि रुंदी साधारण चार फूट भरते. एवढ्या पसाऱ्यावर दीड-दीड इंचावर धावदोरा घातला तर ३२ ओळी होतात, म्हणजेच २१६ फूट शिवण. सहा हात असले तरी गप्पा, चहा आणि उसवून पुन्हा घालण्याचे टाके धरता दोन दिवसांना हे पुरे आहे. दोरा दुहेरी घ्यायचा असल्याने दीडशे ते पावणेदोनशे मीटर लागेल. तो जाड, सुती आणि एकाच दुकानातून घेतलेला असावा, कारण दोन रिळांतला पांढरा कधीच सारखा नसतो. दोऱ्याची जबाबदारी लातूरकरणीने घ्यावी.

कपड्यांविषयी मात्र सविस्तर सांगणे भाग आहे. वरचा आणि खालचा पदर चांगल्या सुती लुगड्यांचा, आणि आत जुनी धोतरे किंवा विरलेल्या चादरी, अशी आपली नेहमीची रीत ठेवू. आठ पदरांच्या वर जाऊ नये. ऊब वाढते हे खरे, पण सुई अडते आणि बोटे सोलतात. टेरिकॉटचे किंवा जॉर्जेटचे कापड कितीही सुंदर असले तरी आणू नये, कारण ते आतल्या आत सरकते आणि धुतल्यावर वाकळीला पोट येते. इरकल आणणार असाल तर काठ आधीच कापून वेगळे करावेत. त्या जाड विणीतून सुई पलीकडे जात नाही. उलट तेच काठ शेवटी चारी बाजूंनी किनारीसारखे लावले तर वाकळ उठून दिसते आणि कडाही फाटत नाहीत. अस्तरासाठी नवा मांजरपाट घेतला असेल तर तो रात्रभर भिजवून, खळ काढून आणि वाळवून आणावा, नाहीतर पहिल्याच धुण्यात तो आटतो आणि वरचे लुगडे सुरकुतते.

रंगाची परीक्षा घरीच करावी. लाल, कुसुंबी आणि गर्द हिरव्या कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबला की ते रंग सोडते की नाही हे लगेच कळते. मी स्वतः एकदा ही परीक्षा टाळली होती. भाच्याच्या दुपट्यावर आजही फिकट गुलाबी ढग आहेत, आणि भावजय ते प्रत्येक पाहुण्याला हौसेने दाखवते.

आईचे किंवा सासूबाईंचे लुगडे आणायचे मनात असेल, तर ते ट्रंकेतून काढण्यापूर्वी भावंडांना, जावांना जरूर विचारावे. वाकळीत लुगडे फाडावे लागत नाही, नुसते घडी घालून आत जाते, एवढे सांगितले की बहुतेक घरांत कुणी नाही म्हणत नाही; पण न विचारता शिवले गेले तर ती बोच कायमची राहते.

सारे पदर एकावर एक अंथरून कच्च्या धावदोऱ्याने जोडण्याचे काम मी आणि परभणीची मैत्रीण शुक्रवारीच उरकून ठेवू, म्हणून कपडे बुधवारपर्यंत माझ्याकडे पोचावेत. अंथरताना कोपऱ्यांवर वरवंटा आणि भरलेले तांबे ठेवले की कापड ताणलेले राहते. हे सतरंजीवर करू नये, फरशीवरच करावे; सतरंजीसकट वाकळ शिवून ठेवण्याचा पराक्रम आपल्यापैकी एकीच्या नावावर आधीच जमा आहे.

प्रत्येकीने जवळचा चष्मा, अंगुस्तान, लहान कात्री आणि मेणाचा तुकडा आणावा. दोरा हातभरच तोडून मेणावरून ओढून घेतला की गुंता होत नाही. काळ्या-निळ्या भागावरचे टाके सकाळी ओसरीत बसून घालावेत आणि दिवेलागणीनंतर फिक्या कापडाकडे वळावे. वीज गेली तर म्हणून चार्जिंगचे दोन दिवे असावेत. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांसाठी खुर्ची आणि बैठे टेबल आहे, त्यात संकोच नको. शिलाई मशीन मात्र कुणी आणू नये. आठ पदरांखाली घरगुती मशीनची सुई मोडते, आणि तिच्या खडखडाटात बोलणे ऐकू येत नाही.

नांदेड-परभणीकडून रेल्वेने येणाऱ्यांनी परळीला उतरावे. तिथून अंबाजोगाई सुमारे २५ किलोमीटर आहे. गाव बालाघाटाच्या डोंगरात असल्याने रात्री थंडी चांगलीच असते, म्हणून आपापले पांघरूण सोबत घ्यावे. जेवणात तेल-हळदीचे हात कापडाला लागू नयेत, यासाठी पंगत मागच्या पडवीत बसेल. धपाटे आणि दही पहिल्या रात्रीपुरते येणाऱ्यांनीच आणावे. येसर, म्हणजे आमटीचा भाजका मसाला, माझ्याकडे तयार आहे, त्यामुळे आमटी वेळेवर होईल, आणि शेतावरचा हुरडा आहेच.

रविवारी सकाळी योगेश्वरीचे दर्शन झाल्यावर एक गोष्ट पाहावी असे मला मनापासून वाटते. संतकवी दासोपंतांनी (१५५१–१६१५) सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ ही आपली वेदान्तावरची रचना लिहिली, आणि ती पासोडी अंबाजोगाईतच जपून ठेवलेली आहे. पासोडी म्हणजे शेवटी जाडेभरडे पांघरायचे कापडच. वाकळ शिवणाऱ्यांनी ते पाहू नये, हे बरे दिसत नाही. ती पाहायला मिळेल का, याची चौकशी मी आधी करून ठेवीन.

सुया मात्र मोजून आणाव्यात. मी बारा आणणार आहे, त्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवीन. रविवारी वाकळीची घडी घालण्यापूर्वी तेवढ्याच परत डब्यात दिसल्या पाहिजेत, आणि एखादी कमी भरली तर लोहचुंबक फिरवल्याशिवाय कुणी वाकळीवर बसायचे नाही.