बोलोन्यात एक सेमिस्टर: वडिलांचं नाव कुठल्या रकान्यात?

इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात एका सेमिस्टरसाठी निवड झाली, व्हिसाचा शिक्का बसला, तिकीट काढलं, असं धरूनच पुढचं लिहितो आहे. आता पासपोर्ट काढा आणि 'गिव्हन नेम'च्या ओळीत काय छापलंय ते वाचा. मराठी घरातल्या बहुतेक पासपोर्टांवर तिथे स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. स्नेहा विजय देशपांडे या नावात 'देशपांडे' आडनावाच्या ओळीत आणि 'स्नेहा विजय' गिव्हन नेममध्ये. इटलीत मधलं नाव हा प्रकारच नाही. फॉर्मवर दोनच रकाने असतात, 'नोमे' म्हणजे नाव आणि 'कोन्योमे' म्हणजे आडनाव. बिचारा 'विजय' कुठे जातो यावर पुढचे पाच महिने सुखाचे की रांगेचे ते ठरतं. अतिशयोक्ती वाटेल, पण नाही.

कारण आहे 'कोदिचे फिस्काले', म्हणजे तिथला पॅन नंबरच समजा. घरभाड्याचा करार, बँक, सिमकार्ड, आरोग्यनोंदणी, सगळीकडे तो लागतो. त्यात सोळा अक्षरं-अंक असतात आणि ते नावातूनच निघतात. पहिली तीन अक्षरं आडनावाच्या व्यंजनांची: देशपांडेचं डी-एस-एच. पुढची तीन नावाची, आणि खरी गोम इथे आहे. नावात तीनच व्यंजनं असतील तर ती तिन्ही घेतात. चार किंवा जास्त असतील तर पहिलं, तिसरं आणि चौथं. नुसतं 'स्नेहा' लिहिलं तर एस-एन-एच. 'स्नेहा विजय' लिहिलं तर व्यंजनं होतात एस, एन, एच, व्ही, जे, वाय; त्यातलं पहिलं, तिसरं, चौथं घेतलं की एस-एच-व्ही. आणि कुणी 'विजय' आडनावात ढकलला, तर सुरुवातच व्ही-जे-वाय. माणूस एक, कोड तीन. पुढे जन्मवर्षाचे दोन अंक, महिन्याचं एक अक्षर, जन्मतारीख (मुलींच्या तारखेत 40 मिळवतात, म्हणजे 12 तारीख 52 होते, ती चूक नव्हे), भारतात जन्मलेल्यांसाठी झेड-222 आणि शेवटी एक पडताळणीचं अक्षर. आधीचं एक अक्षर चुकलं की बहुतेक वेळा तेही बदलतं.

म्हणून इंटरनेटवरच्या 'कोड काढून देतो' छाप कॅल्क्युलेटरांपासून लांब राहा. ते गणित बरोबर करतात, पण तुम्ही जे नाव टाकाल त्याचं. सरकारदरबारी चालतो तो 'आजेन्त्सिया देल्ले एन्त्राते' या कर खात्याने किंवा इटालियन दूतावासाने दिलेला कोड. विद्यापीठाच्या नोंदणीत कोड आपोआप तयार झालेला दिसला, तरी तो कर खात्याच्या कागदाशी ताडून बघा. खात्यात 'एए-4/8' हा फॉर्म भरायचा, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती जोडायच्या. एक पैसा लागत नाही. खिडकीवरून हलण्याआधी नाव, जन्मगाव, तारीख अक्षर न् अक्षर वाचा. तिथल्या तिथे दुरुस्ती दोन मिनिटांची असते. चुकीच्याच कोडवर घराचा करार नोंदला गेला, की घरमालकाला पुन्हा त्या ऑफिसात पाठवावं लागतं, आणि घरमालक कुठलाही असो, अशा कामाला तो लगेच जात नाही.

नियम एकच: पासपोर्टात जसं आहे तसंच सगळीकडे, 'विजय'सकट. सीनियर म्हणतील, 'मधलं नाव गाळून टाक, सोपं पडतं.' सीनियरांचा सल्ला भाजी कुठे स्वस्त मिळते याबद्दल घ्यावा. आणि व्हिसाचा अर्ज अजून केला नसेल व पासपोर्टात आडनावाची ओळच रिकामी असेल, तर ती अर्जाआधी भारतातच दुरुस्त करून घ्या.

हे एकदा जमलं की बाकीचं खरंच अवघड नाही. मुक्काम 90 दिवसांपेक्षा जास्त असेल तर पोहोचल्यापासून कामाच्या आठ दिवसांत 'पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो'चा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा अर्ज. 'स्पोर्तेल्लो आमीको' नावाची खिडकी असलेल्या पोस्टात त्याचं किट फुकट मिळतं. काळ्या शाईने भरा. 16 युरोंचा 'मार्का दा बोल्लो' हा मुद्रांक तंबाखूच्या दुकानातून आणा. तीन महिने ते एक वर्षाच्या परवान्याला 70.46 युरोंचं चलन, वर पोस्टाचे 30. पाकीट चिकटवू नका, खिडकीवर उघडंच द्यायचं असतं. तिथे मिळालेली पावती जिवापाड जपा, तीच तुमचा पुरावा. पोलिसांकडे, म्हणजे 'क्वेस्तूरा'त, बोलावण्याची तारीखही तिथेच मिळते. ती काही महिन्यांनंतरची निघाली तरी घाबरू नका. फक्त एवढं ध्यानात ठेवा: व्हिसा संपल्यावर नुसत्या पावतीवर पॅरिस-बर्लिन फिरता येत नाही. फिरायचं ते व्हिसा आहे तोवर.

आरोग्याचं थोडक्यात. सरकारी सेवेत स्वेच्छेने नाव नोंदवायला विद्यार्थ्याला 700 युरो पडतात आणि ती नोंदणी 31 डिसेंबरला संपते, मग तुम्ही सप्टेंबरात का भरेनात. एका सेमिस्टरला खासगी विमाच परवडतो.

खोलीचं: अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागणं कायद्यात बसत नाही. करार तीस दिवसांत कर खात्यात नोंदला जायला हवा, आणि युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला घरात ठेवल्याचं घरमालकाने 48 तासांत पोलिसांना कळवायचं असतं. 'कागदाची काय गरज, शंभर कमी द्या' म्हणणाऱ्याकडे राहू नका. खोली न बघता, करार न वाचता पैसे पाठवणं म्हणजे ते गेले असंच समजा.

आता परीक्षा, आणि इथे 'विजय' परत येतो. मोठे वर्ग आडनावाच्या आद्याक्षरावरून ए ते एल, एम ते झेड असे फोडलेले असू शकतात आणि प्राध्यापकही वेगळे. देशपांडे पहिल्या गटात. पण नोंदणीत 'विजय' आडनाव झालं असेल तर दुसऱ्यात. परीक्षेच्या प्रत्येक तारखेला, म्हणजे 'आप्पेल्लो'ला, विद्यापीठाच्या 'आल्माएझामी' या संकेतस्थळावर स्वतः नाव घालावं लागतं. आपल्यासारखा फॉर्म कॉलेज भरून घेत नाही. यादी परीक्षेच्या काही दिवस आधी बंद होते, आणि यादीत नाव नसेल तर हजर राहूनही उपयोग नसतो. परीक्षा पुष्कळदा तोंडी असते. गुण तिसापैकी, पास अठराला. गुण पटले नाहीत तर नाकारता येतात, पण पुढची तारीख तुमच्या विमानानंतरची नाही ना, हे आधी बघा. पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षा फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि आपल्याकडे तोवर पुढचं सत्र सुरू झालेलं असतं. परतीचं तिकीट तारखा जाहीर झाल्यावरच पक्कं करा.

विषय निवडताना 'कोर्सो इन्तेग्रातो' दिसला तर थांबा. त्यात दोन भाग असतात, गुण मात्र एकच, दोन्ही भाग झाल्यावर लागणारा. दुसरा भाग वसंतातल्या सेमिस्टरला असेल तर तुमच्या हाती शून्य क्रेडिट. विषयाच्या पानावर वर्गात येणाऱ्यांची आणि न येणाऱ्यांची पुस्तकं वेगळी दिलेली असतात. हजेरी सक्तीची नाही म्हणून निवांत राहिलात तर वाचायचा ढीग वाढतो.

निघण्यापूर्वी गुणपत्रकाच्या मसुद्यावरचं नाव पासपोर्टशी ताडा. भारतातल्या परीक्षा विभागाला 'देशपांडे स्नेहा' आणि 'देशपांडे स्नेहा विजय' या एकच आहेत हे पटवण्यापेक्षा तिथल्या ऑफिसला एक ईमेल टाकणं फार सोपं.