कयाकच्या पुस्तकात कोकणची भरती कशी जोडावी

कयाकवरून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लहान अरुंद होडीवरून, गळाने मासेमारी शिकवणारी बहुतेक पुस्तके परदेशी किनाऱ्यांसाठी लिहिलेली असल्याने त्यांतली भरतीची कोष्टके कोकणात उपयोगी पडत नाहीत. पुस्तक घेताना, उलटलेल्या कयाकवर पाण्यातूनच पुन्हा चढण्याची कृती चित्रांसह दिली आहे का, हे आधी पाहावे. गळ-आमिषांची प्रकरणे मागाहून वाचली तरी चालतात. मग भरतीच्या प्रकरणाच्या समासात आपल्याकडचा जुना हिशेब लिहून ठेवावा : तिथीला ३ ने गुणून ४ ने भागले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला सुमारे ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, आणि त्यानंतर साधारण ६ तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचे पाणी खाडीच्या मुखातून जोराने समुद्राकडे ओढते, म्हणून नवशिक्याने त्या वेळी मुखाजवळ कयाक मुळीच नेऊ नये.