हापूसच्या गरातून पेशीपटल वेगळं करताना या चुका टाळा

कच्च्या हापूसच्या गरातून पेशीपटल (मेम्ब्रेन) काढताना पेलेट, म्हणजे नळीच्या तळाशी बसलेला साका, तपकिरी आला किंवा एटीपेजची (पटलातल्या एटीपी फोडणाऱ्या विकराची) क्रिया जवळजवळ शून्य निघाली, की संशय आधी अल्ट्रासेंट्रिफ्यूजवर, म्हणजे अतिवेगाने फिरवून कण खाली बसवणाऱ्या यंत्रावर जातो. माझ्या मते काम त्याच्या बरंच आधी, मिक्सरच्या भांड्यात बिघडलेलं असतं. पानांसाठी लिहिलेली पद्धत जशीच्या तशी कैरीला लावली की असं होतंच.

सगळ्यात मोठी चूक बफरची, म्हणजे पीएच (आम्लतेचं माप) स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाची. हिशेब करून पाहा. कैरीची आम्लता सायट्रिक आम्लाच्या रूपात ३ टक्के धरली, तर १०० ग्रॅम गरात सुमारे १५.६ मिलीमोल आम्ल असतं. त्याचे तिन्ही प्रोटॉन उदासीन करायला जवळपास ४७ मिलीमोल अल्कली लागते. आपण घालतो काय? ५० मिलीमोलर ट्रिसचं (नेहमीच्या वापरातला एक बफर) २०० मिली, म्हणजे सगळं मिळून १० मिलीमोल. बाटलीवर पीएच ८ लिहिलेला असला, तरी रिक्तिका (पेशीतली आम्ल साठवणारी पिशवी) फुटताक्षणी मिश्रण आंबट होतं आणि प्रथिनं बिघडतात. म्हणून बफर २५० ते ३०० मिलीमोलर ठेवा. वाटताना पोटॅशियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालत राहा, आणि पीएच बाटलीतला नाही, वाटलेल्या गराचा मोजा. तो ७.५ च्या खाली जाऊ देऊ नका. कोकमाच्या सालीवर काम करणाऱ्यांनी तर आधी थोड्या नमुन्यावर किती अल्कली लागते ते काढावं, मगच मोठा घाणा घ्यावा. ट्रिसचा पीएचही थंडाव्यात वाढतो, २५ अंशांवरून ४ अंशांवर आणलं की साधारण ०.६ ने. तेव्हा पीएच थंड बफरमध्येच लावा.

तपकिरी रंगाचं कारण फिनॉल. काजूच्या बोंडात आणि चिकूत टॅनिन भरपूर, कैरीतही कमी नाही. हवा लागली की पॉलिफिनॉल ऑक्सिडेज त्यांचं क्विनोन करतं आणि ते प्रथिनांना चिकटतात. रंग आल्यावर काही घालून उपयोग नाही. फिनॉल धरून ठेवणारी अविद्राव्य पीव्हीपीपी पूड आदल्या रात्री बफरमध्ये भिजवून ठेवा. ऑक्सिडीकरण रोखणारे डीटीटी आणि अॅस्कॉर्बेट, तसंच प्रथिनं तोडणारी विकरं थांबवणारा पीएमएसएफ मात्र ऐनवेळी घाला. पीएमएसएफ पाण्यात, विशेषतः पीएच ८ ला, तासाभरात बराचसा निकामी होतो. त्याचा साठा आयसोप्रोपॅनॉलमध्ये ठेवावा. फोडी थेट थंड बफरमध्ये पडू द्या. मिक्सर थोडा थोडा फिरवा, फेस आला की प्रथिनं गेली.

फळ निवडताना आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सुटतात. साक्याचा (गरातला पांढरट, स्पंजासारखा बिघाड) भाग काढून टाका, तो गर निरोगी नसतो. आणि आंबे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी काम सुरू करू नका. साधारण १३ अंशांच्या खाली आंब्याला शीतइजा होते आणि तिचा घाव मेम्ब्रेनवरच बसतो. मग आपण पिकण्याचा अभ्यास करतोय की थंडीचा, हेच कळत नाही. आंबे झाडावरून उतरवल्यापासून किती दिवस अढीत होते त्याची नोंद ठेवा. थंड करायचं ते कापलेल्या फोडींना. चीक सालीलगत जास्त असतो, म्हणून साल जाड काढा.

गाळताना मलमल पिळू नका, पेक्टिन खाली येतं. बफरमध्ये कॅल्शियम बांधणारा ईडीटीए ५ मिलीमोलर असू द्या, कॅल्शियम बांधलं गेलं की पेक्टिन गोठत नाही. कैरीत पिठूळपणा म्हणजे स्टार्च असतो. १०,००० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या १०,००० पट जोराला) तळाशी पांढरा थर बसला की वरचं द्रव सावकाश पिपेटने घ्या, ओतू नका. पुढे ते १,००,००० जीला एक तास फिरवा, म्हणजे मेम्ब्रेन तळाशी बसते. रोटर (यंत्रातलं नळ्या धरणारं चाक) बदलला की आरपीएमवरून (मिनिटाच्या फेऱ्यांवरून) जी नव्याने काढा.

आता क्रिया मोजताना. प्लाझ्मा मेम्ब्रेन (पेशीचं बाहेरचं पटल) बाकीच्या पटलांपासून वेगळी करायला पीईजी आणि डेक्स्ट्रान या दोन पॉलिमरच्या थरांची द्विस्तर पद्धत वापरतात; तिच्यात फॉस्फेट बफर असतो, आणि एटीपेजची क्रिया आपण सुटलेल्या फॉस्फेटवरूनच मोजतो. मेम्ब्रेन फॉस्फेटविरहित बफरने धुतली नाही, तर ब्लँकच (क्रियेआधीचं शून्याचं मोजमाप) आकाशाला भिडतो. बफरमध्ये बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलं असेल, तर तेही याच धुण्यात जायला हवं, नाहीतर प्रथिनांचा आकडा फुगतो. या पद्धतीने मिळणाऱ्या पुटिका (पटलाच्या बंद पिशव्या) बहुतांशी सुलट असतात, म्हणजे पटलाची बाहेरची बाजू बाहेरच आणि एटीपी बसण्याची जागा आत. तेव्हा ब्रिज-५८ किंवा ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट अगदी कमी मात्रेत देऊन आणि न देऊन, दोन्ही मोजा. ट्रायटन असलेला नमुना ब्रॅडफर्डला (प्रथिनं मोजण्याच्या रंगचाचणीला) नेऊ नका.

शुद्धता गृहीत धरणं ही शेवटची आणि सगळ्यात महागडी चूक. व्हॅनाडेटने थांबते ती प्लाझ्मा मेम्ब्रेनची क्रिया, नायट्रेटने टोनोप्लास्टची (रिक्तिकेच्या पटलाची), अॅझाइडने मायटोकाँड्रियाची. मॉलिब्डेटने आम्ल फॉस्फेटेजची (फॉस्फेट सोडवणाऱ्या दुसऱ्या विकराची) भेसळ कळते. चारही चाचण्या त्याच नमुन्यावर लावा. व्हॅनाडेटचं द्रावण पिवळं दिसलं तर ते पीएच १० ला उकळून रंगहीन करून घ्या, आणि चाचणीत डीटीटी नसू द्या.

उरलेली मेम्ब्रेन ग्लिसरॉलमध्ये लहान लहान वाटे करून, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून, उणे ८० अंशांवर ठेवा. एक वाटा एकदाच वितळवायचा.