नवा ग्रँड पियानो कानाला टोचतोय? आधी खोली बघा

शोरूममध्ये गोड वाटलेला ग्रँड पियानो घरी आल्यावर कर्कश लागला, तर ट्यूनरला लगेच हॅमरवर (तारांवर आपटणाऱ्या, फेल्ट म्हणजे दाबलेली लोकर लावलेल्या हातोड्यांवर) सुया चालवायला सांगू नका. टाइल्सची जमीन, मोकळ्या भिंती आणि काचेच्या खिडक्या आवाज जसाच्या तसा परत फेकतात. पियानोखाली जाड गालिचा अंथरा, पडदे लावा, झाकण अर्ध्या टेकूवर ठेवून वाजवून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

मग ट्यूनिंग. नव्या तारा ताणत राहतात, त्यामुळे पहिल्या वर्षी ते 3-4 वेळा लागतंच.

तरीही टोचत असेल तर डावं पेडल दाबून तेच स्वर वाजवा. ग्रँडमध्ये या पेडलने सगळे हॅमर किंचित बाजूला सरकतात आणि फेल्टचा कमी दबलेला भाग तारांवर आपटतो. आवाज लहान होणारच. तुम्ही त्याचा पोत ऐका. तो एकदम मऊ झाला, तर एरवी तारांवर आपटणारं फेल्ट कडक झालंय असं समजा आणि व्हॉइसिंग, म्हणजे सुयांनी टोचून फेल्ट मऊ करणं, करून घ्या. पण एका बैठकीत थोडंच! जास्त टोचलेलं फेल्ट पूर्ववत करणं फार अवघड असतं, आणि वाजवता वाजवता पियानोचा आवाज आपसूक उजळतोच.