डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायचंय? पहिल्या संध्याकाळची तयारी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेकाने एकेक पात्र होऊन मिळून गोष्ट रचायचा खेळ. त्याचं तीनशेहून जास्त पानांचं नियमांचं पुस्तक, प्लेयर्स हँडबुक, लगेच विकत घेऊ नका. निदान पहिला खेळ होईपर्यंत तरी थांबा. आमच्याकडे शनिवारी टेबल जमतं त्यात माझी भाची असते, वहिनी असतात, मावसभाऊ असतो आणि खालच्या मजल्यावरचे काका असतात. यांतल्या कुणीही आधी पुस्तक वाचून खेळायला सुरुवात केली नाही. डीएम मी असते, त्यामुळे वाचायचं काम माझं. बाकीच्यांना मी एवढंच सांगते: समोर काय दिसतंय ते मी सांगणार, तुमचं पात्र काय करतं ते तुम्ही सांगायचं, आणि जे जमेल की नाही याची खात्री नाही तिथे फासा टाकायचा.

डीएम म्हणजे डन्जन मास्टर. गाव, गावकरी, राक्षस, पाऊसपाणी हे सगळं त्याच्या तोंडून येतं. तो खेळाडूंच्या विरुद्ध बसलेला नसतो, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं लागतं. कॅरम आणि पत्त्यांत मुरलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हमखास हाच असतो: जिंकायचं कसं? इथे एकटं कुणी जिंकत नाही. सगळे मिळून मोहीम फत्ते करतात, नाहीतर मिळून अडकतात.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या गावातून बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. दोघेही टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्यांतले. अख्खी पलटण हलवण्याऐवजी एकेकाने एकच पात्र चालवायचं, आणि ते पात्र पुढच्या खेळातही तेच राहून अनुभवाने तयार होत जाणार, ही त्यांची नवी गोष्ट. पहिल्या छपाईत एक हजार पेट्या निघाल्या होत्या. आज चालते ती पाचवी आवृत्ती २०१४ ची. २०२४ मध्ये तिचे सुधारित नियम आले. दोन्ही चांगले आहेत, पण एका टेबलावर एकच आवृत्ती ठेवा. मी पुढे देतेय ते आकडे २०१४ च्या नियमांतले आहेत.

काय लागतं

चार किंवा पाच माणसं, डीएम धरून. तिघांतही होतं. सात-आठ जण मात्र पहिल्या वेळी नकोत, कारण आपली पाळी यायला वीस मिनिटं लागली की माणूस मोबाइल काढतो.

नियम फुकट मिळतात. 'बेसिक रुल्स' या नावाने खेळ छापणाऱ्या कंपनीनेच ते २०१४ मध्ये मोफत दिले आणि त्यात सुरुवातीला पुरतील एवढे चार वंश (पात्र माणूस की एल्फ वगैरे) आणि चार वर्ग (पात्राचा पेशा) आहेत. त्याहून मोठा नियमसंच, 'सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट', जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. म्हणजे तो उतरवून घ्या, छापा, मित्रांना वाटा, सगळं कायदेशीर आहे. चोरीची पीडीएफ शोधायची काहीही गरज नाही.

फाशांचा संच सात नगांचा असतो: चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे एकेक, आणि दहा बाजूंचे दोन. त्या दोन दहांपैकी एकावर दहा-दहाचे आकडे असतात, दोन्ही मिळून शंभरातला आकडा काढायला. बोलताना आम्ही डी-२०, डी-६ असं म्हणतो. सगळ्यांत एकच संच असला तरी पहिली संध्याकाळ निघते, आणि फोनवरची फाशांची ॲपही आहेत. पण जमलं तर खरे फासे आणाच. काका डी-२० मुठीत धरून टाकायच्या आधी क्षणभर थांबतात तेव्हा सगळं टेबल गप्प होतं. फोनच्या बटणाने ते होत नाही.

बाकी पेन्सिली, खोडरबर आणि प्रत्येकाची कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद. पेनने लिहू नका, हिट पॉइंट, म्हणजे पात्रात किती जीव उरलाय तो आकडा, सतत बदलतात. छोट्या मूर्ती, छापील नकाशे, डीएमची टिपणं झाकायचा पडदा यांवर आत्ता पैसे घालू नका. लढाईत कोण कुठे उभं आहे हे दाखवायला चौकटीची वही आणि डाळीचे दाणे पुरतात.

पात्र कसं करायचं

पात्राचे सहा गुण असतात: स्ट्रेंग्थ (ताकद), डेक्स्टेरिटी (चपळाई), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा), इंटेलिजन्स (बुद्धी), विज्डम (समज), करिश्मा (छाप). नवख्यांसाठी तयार आकडे आहेत: १५, १४, १३, १२, १०, ८. ते आपल्या मर्जीने सहा जागी बसवायचे, मग वंशानुसार थोडी भर पडते. प्रत्येक आकड्यातून एक छोटा आकडा निघतो, मॉडिफायर. मूळ आकड्यातून १० वजा करा, निम्मे करा, अर्धा उरला तर खाली उतरवा. १६ चे +३, १३ चा +१, ८ चा -१. खेळताना हाच छोटा आकडा लागतो.

वर्ग निवडताना मी फार आग्रही असते. ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्याने फायटर, म्हणजे लढवय्या, घ्यावा. ज्याला चोरून ऐकायला, कुलपं उघडायला, डोकं चालवायला आवडतं त्याने 'रोग', म्हणजे चोर-भामटा. क्लेरिक (पुजारी) आणि विझार्ड (जादूगार) मंत्र वापरतात, आणि प्रत्येक मंत्राचा वेगळा परिच्छेद वाचावा लागतो. पहिल्या लेव्हलचा, म्हणजे अगदी नवखा, विझार्ड सहा मंत्र पोथीत लिहून आणतो आणि दिवसात ते वापरायच्या संधी त्याला मिळतात दोनच. मग झोप काढून त्या परत मिळवायच्या. हे ज्याला गमतीचं वाटेल त्यालाच विझार्ड द्या. आमच्याकडे तो वहिनींनी घेतला, आणि आता त्यांच्याइतके मंत्रांचे बारकावे मलाही सांगता येत नाहीत.

पात्राचा दहा पानी इतिहास लिहू नका. दोन प्रश्नांची उत्तरं पुरतात. त्याला काय हवंय? आणि तो या बाकीच्यांसोबत का चाललाय? दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं. "मी एकटा फिरतो, कुणावर विश्वास ठेवत नाही" असं पात्र कुणी आणलं, तर डीएमने प्रेमाने सांगावं की मग या चौघांसोबत येण्याचं कारणही तूच शोध.

एकच नियम आधी शिका

डी-२० टाका, मॉडिफायर मिळवा, त्या कामात तुमचं पात्र तरबेज असेल तर पहिल्या लेव्हलला आणखी २ मिळवा. डीएमने ठरवलेला आकडा गाठला तर जमलं. सोप्या कामाला १०, मध्यमाला १५, अवघडाला २०. लढाईतही हेच, फक्त तिथे समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, गाठायचा.

टेबलावर ते असं होतं. मी सांगितलं, "गढीच्या मागच्या दाराशी गॉब्लिन, म्हणजे छोटा राक्षस, पहाऱ्याला आहे. पेंगतोय. पण कमरेला शिंग लटकतंय. ते फुंकलं तर आतले सगळे जागे होतील. काय करतेस?"

भाची म्हणाली, "मागून जाते आणि शिंग काढून घेते."

"त्याचा हात शिंगावरच आहे."

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "मी पलीकडच्या झाडीत दगड टाकते. तो तिकडे वळेल ना?"

"वळेल, वहिनी. तुमच्या मदतीमुळे तिला ॲडव्हान्टेज. स्लाइट ऑफ हँड, म्हणजे हातचलाखी, टाक, दोन फासे, मोठा धरायचा. पंधरा हवेत."

दान पडलं ६ आणि १३. तिची डेक्स्टेरिटी १६, म्हणजे +३, आणि रोग असल्याने या कामात तरबेज, म्हणून आणखी २. एकूण १८. शिंग हातात आलं. एकच फासा असता आणि ६ पडले असते, तर ११ वर सगळं फसलं असतं.

ॲडव्हान्टेजची ताकद आकड्यांत बघा. +५ असताना १५ गाठायला फाशावर १० किंवा जास्त हवेत, म्हणजे शंभरात ५५ वेळा जमणार. दोन फाशांतला मोठा धरला की तेच ८० च्या घरात जातं. उलट डिसॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फाशांतला लहान धरायचा, तेव्हा ३० वर येतं. म्हणून नव्या डीएमला माझं सांगणं आहे की कुणी चांगली युक्ती काढली आणि तिचा नियम आठवेना, तर पानं चाळू नका. ॲडव्हान्टेज द्या आणि पुढे चला.

आणि सगळ्याच गोष्टींसाठी फासे टाकू नका. ज्या चिठ्ठीशिवाय गोष्ट पुढे सरकणारच नाही, ती चिठ्ठी सापडते. तिच्यासाठी फासा नको.

पहिल्या वेळी डीएम होणाऱ्यासाठी

राज्यं, देवदेवता, हजार वर्षांचा इतिहास असलं काही लिहायला बसू नका. एक गाव, एक अडचण, जाता येतील अशा तीन जागा. आमची पहिली मोहीम अशी होती: गावची घंटा चोरीला गेलीय, घंटेशिवाय रात्री धुक्यातून परतणारे मेंढपाळ वाट चुकतायत. जागा तीन: घंटाघर, मेंढपाळांचा वाडा, पडकी गढी. खेळाडूंनी काय करावं हे मी लिहिलंच नव्हतं. गढीत कोण आहे, त्यांना घंटा कशाला हवीय आणि कुणी काहीच केलं नाही तर उद्या काय होईल, एवढंच लिहिलं. खेळाडू काय करतील हे आधी लिहून ठेवलंत तर टेबलावर त्यांना त्या वाटेने ढकलत बसावं लागतं, आणि त्यांना ते लगेच कळतं. घंटा गढीत आहे हे मात्र तिन्ही जागी वेगवेगळ्या तऱ्हेने समजेल अशी सोय केली. एक खूण सुटते, दुसरीचा अर्थ भलताच लागतो, तिसरी कामाला येते.

लढाईचं माप नीट घ्या, कारण पहिल्या लेव्हलची पात्रं फार नाजूक असतात. साध्या गॉब्लिनचा आर्मर क्लास १५, हिट पॉइंट ७. त्याच्या तलवारीच्या घावाने डी-६ अधिक २ एवढं नुकसान होतं, म्हणजे जास्तीत जास्त ८. विझार्डकडे साधारण सात हिट पॉइंट असतात. एकाच घावात तो आडवा होऊ शकतो. पुस्तकाच्या हिशेबाने चार नवख्या पात्रांवर चार गॉब्लिन म्हणजे थेट 'डेडली', जिवावरची लढाई. पहिल्यांदा दोन ठेवा. आणि गॉब्लिनलाही जीव प्यारा असतो, एक पडला की दुसरा पळून जाऊ दे.

हिट पॉइंट शून्यावर आले म्हणजे पात्र मेलं असं नाही. ते बेशुद्ध पडतं. दर पाळीला नुसता डी-२० टाकायचा. १० किंवा जास्त आले तर एक यश, कमी आले तर एक अपयश. तीन यशांवर जीव स्थिर होतो, तीन अपयशांवर मरण. सरळ २० पडले तर एका हिट पॉइंटसह उठून उभं. दरम्यान कुणी औषध पाजलं किंवा क्लेरिकने हात लावून बरं केलं, तर तेही चालतं. हे खेळाडूंना आधीच सांगा, म्हणजे कुणी पडलं की बाकीचे धावतील.

मराठीतच खेळा. आमच्याकडे हिट पॉइंट, सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचायला टाकायचा फासा) असे शब्द तसेच राहतात, बाकी सगळं बोलणं घरचं. डीएमला आपल्या भाषेचा मोठा आधार मिळतो. गढीतला गॉब्लिन सगळ्यांना अरे-तुरे करतो, सराईवाली "या, बसा" म्हणते, आणि म्हातारी सरदारीण स्वतःला "आम्ही" म्हणवते. वेगवेगळे आवाज काढता आले नाहीत तरी कोण बोलतंय आणि त्याचा रुबाब काय, हे लगेच कळतं.

खेळाआधी अर्धा तास नुसतं बोला. कशा प्रकारची गोष्ट आवडेल, काय अजिबात नको. आमच्याकडे कोळी नाहीत, कारण भाचीला ते सहन होत नाहीत, आणि लहान मुलांना इजा होण्याचे प्रसंग नाहीत. टेबलाच्या मधोमध फुली काढलेलं एक कार्ड ठेवतो. खेळताना कुणालाही काही नकोसं झालं तर त्याने कार्डावर बोट ठेवायचं. प्रसंग तिथेच बदलतो, कारण विचारायचं नाही.

तीन तास पुरतात. जो सारखा बोलतो त्याला थांबवण्यापेक्षा गप्प बसणाऱ्याला नावाने विचारा: "काका, तुम्ही दाराशी उभे आहात. तुम्हाला काय ऐकू येतं?" मोठ्या माणसांना सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, म्हणून त्यांना पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी करायला द्या. एक जण आला नाही तरी खेळा, त्याचं पात्र गावात घोड्यांपाशी थांबलंय असं समजा. खेळ रद्द व्हायला लागले की टेबल मोडतं.

एवढेही नियम जड वाटत असतील, किंवा टेबलावर दहा-अकरा वर्षांची मुलं असतील, तर 'माउसरिटर' हा खेळ बघा. त्यात पात्रं म्हणजे इवलेसे उंदीर, आणि मांजर म्हणजे महाराक्षस. गुण तीनच, आणि वार नेमका लागला का हे न बघता थेट नुकसानाचा फासा टाकायचा. 'केर्न'ही तसाच आटोपशीर आहे. दोन्हींचे नियम मोफत उतरवून घेता येतात. परदेशातल्या भावंडांसोबत खेळायचं तर डिस्कॉर्ड ॲपवर आवाज आणि रोल-ट्वेंटी या संकेतस्थळावर नकाशा. फक्त वेळ दोन तासांची ठेवा, पडद्यासमोर माणूस लवकर थकतो.

पहिली मोहीम संपली की सगळ्यांना दुसऱ्या लेव्हलवर न्या. अनुभवाच्या गुणांचा हिशेब करायचा तर प्रत्येकी ३०० लागतात. मी तो करत नाही, मोहीम पूर्ण झाली की लेव्हल देते. मग नव्या शक्ती येतात: फायटरला ॲक्शन सर्ज मिळतं, रोगला कनिंग ॲक्शन, क्लेरिकला चॅनल डिव्हिनिटी, आणि विझार्ड आपली विद्याशाखा निवडतो. पुस्तक उघडायची खरी वेळ ही. प्रत्येकाला फक्त आपल्या वर्गाची पानं वाचून यायला सांगा, आणि पुढचा शनिवार उठायच्या आधीच ठरवून टाका.